ठासणीचा सोमवार

पहाटे साडेपाच

नानांच्या घरात बंबातलं पहिलं कढत पाणी बंदुकीचं. रात्री एखादा बार काढलेला असला की उजाडायच्या आत नळी धुऊन झाली पाहिजे, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. ठासणीच्या बंदुकीत जाते ती काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, वजनाने साधारण 75, 15 आणि 10 टक्के. ती जळते तेव्हा तिचा सगळा धूर होत नाही. निम्म्याहून अधिक ऐवज काजळी आणि क्षार होऊन नळीतच चिकटून राहतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. जानेवारीतलं दव पडलेल्या रात्री असली नळी तशीच कोपऱ्यात उभी केली, तर सकाळी आत तांबूस पूड दिसते. ही घाण तेलाने निघत नाही, पाण्याने निघते. हे न कळल्यामुळे कितीतरी घरांतल्या बंदुका भरपूर तेल पाजूनही सडल्या.

नाना नळी दस्त्यापासून सोडवतात, बूड बादलीत ठेवतात आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली ओढतात. गज वर आला की पाणी नळीत चढतं, खाली गेला की ठिणगी देणारी टोपी जिथे बसते त्या खुंटाच्या भोकातून पिचकारी उडते. आधी काळं पाणी, मग करडं, मग स्वच्छ. शेवटचं पाणी मुद्दाम उकळतं घेतात, म्हणजे लोखंड तापून आपोआप कोरडं होतं. मग शिवणयंत्राचं तेल. मी आंघोळीच्या आशेने उभा होतो. "तुम्ही नाय केली तरी गंजत नाय," नाना म्हणाले.

नळी उजेडाकडे धरून त्यांनी मला आत बघायला सांगितलं, मग तोंडाशी बोट घालायला लावलं. आतून गुळगुळीत. एक रेघ नाही, एक खाच नाही. मुंगेरच्या कारखान्याचा छाप असलेली ही एकनळी बंदूक त्यांच्या वडिलांच्या नावावर होती, आता नानांच्या नावावर आहे. परवान्यावर कारण लिहिलंय, पिकाचं संरक्षण.

सात

नानांचं गाव बेल्हे, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर रस्त्यावर. पुढे आणे घाट आणि आण्याचं पठार. एकेकाळी बाजरी, मटकी आणि पावसाची वाट बघणं एवढाच इथला शेतीचा कार्यक्रम होता. पिंपळगाव जोग्याच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शिवारात आलं, त्यांच्याकडे ऊस आला, मका आला, कांदा आला आणि त्यामागोमाग डुकरं आली. बिबट्याही आला. उसाला पाणी दिलं की तुम्ही जंगल लावता, हे जुन्नरात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नानांच्या मक्याच्या कडेची एक पट्टी आडवी झालेली. रानडुक्कर कणसासाठी अख्खं ताट मोडतं आणि अर्धं कणीस चघळून पुढचं मोडतं. खाण्यापेक्षा नासाडी मोठी. शेजारी ज्वारी हुरड्यात आलीय, तिथे दिवसा पाखरं. पाखरांना गोफण पुरते. डुकराला गोफण म्हणजे चेष्टा.

"रातच्याला दोन घुसली हुती. बार झाला तशी वढ्याकडं पळाली," नाना म्हणाले. त्यांनी मारलं नाही. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि नाना माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकवत नाहीत, घरात मटण शिजत नाही. बंदुकीत छर्रे भरायचं त्यांनी वडील गेल्यावर बंद केलं. आता फक्त दारू आणि कागदाचा बोळा. माळ आणि बंदूक एकाच घरात कशी राहतात, असं मी विचारलं नाही. ते रोज दिसतच होतं.

नऊ

चहाबरोबर परवान्याची वही. शस्त्र कायदा 1959 सालचा. त्यातलं 13वं कलम वाचताना मला मजा वाटली. किमान वीस इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी हवी असेल, किंवा पिकाच्या रक्षणासाठी खरोखर ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना द्यावा, असं तिथे म्हटलंय. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी देता येते, पण तीही गुळगुळीत नळीचीच. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात शिसं फार लांब आणि फार नेमकं जाऊ नये, एवढी काळजी कायद्याने शब्दाशब्दात घेतलीय.

वहीच्या मागच्या पानांवर दुकानदाराच्या नोंदी. दारू किती, टोप्या किती, तारीख, शिक्का. टोप्या हल्ली सहज मिळत नाहीत. पुण्याला खेप घालावी लागते आणि खेपेच्या भाड्यात टोप्यांपेक्षा जास्त पैसे जातात. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. एकदा निवडणूक नेमकी ज्वारीच्या दिवसांत आली. आचारसंहिता डुकरांना लागू नव्हती.

साडेदहा

सोमवार, म्हणजे बेल्ह्याचा बाजार. बैलांचा बाजार म्हणून याची ख्याती घाटाखालपर्यंत. खिल्लार गोऱ्हे, दावणीला बांधलेल्या जोड्या, दात बघणारे, चालवून बघणारे, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे दलाल. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली आणि मे 2023 मध्ये कायदा वैध ठरवला, तेव्हापासून पळणाऱ्या बैलाकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात. नाना नुसते बघतात. त्यांच्याकडे आता ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टरला दात नसतात.

त्यांना हव्या होत्या जुन्या साड्या. शेताभोवती साड्या बांधल्या की डुक्कर बिचकतं, निदान पंधरवडाभर. जुन्या साड्यांना त्यामुळे आता भाव आहे. शिवाय कुंपणाच्या तारेला धक्का देणाऱ्या झटका मशीनची चौकशी. सौर पत्रा, बॅटरी, तार. आणि एका कोपऱ्यात पोरं प्लास्टिकच्या पाइपची कार्बाईडची बंदूक न्याहाळत होती. पाणी आणि कार्बाईड एकत्र आलं की वायू होतो, ठिणगी दिली की दणका. परवाना लागत नाही, टोपी लागत नाही, धुवावी लागत नाही. ती फुटून डोळे गेल्याच्या बातम्याही येतात. नानांनी तिच्याकडे पाठ केली. यात त्यांचा थोडा अहंकार होता, पण मत बरोबर होतं.

बाजाराच्या कडेला भंगारवाला जुन्या बॅटऱ्या वजनावर घेत होता. आत शिसंच. पण हे शिसं ज्या गोळीची गोष्ट मी पुढे सांगणार आहे तिला चालत नाही. बॅटरीच्या शिशात कडकपणासाठी अँटिमनी मिसळलेलं असतं. त्या गोळीला लागतं मऊ, शुद्ध, नखाने ओरखडा उठेल असं शिसं. 327 अंशांवर वितळणारं.

एक

भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. जेवण झाल्यावर नाना आडवे झाले आणि मी ओट्यावर बसून त्या गुळगुळीत नळीचा विचार करत राहिलो.

जुन्या बंदुकीचा गोळा गोल. नळीपेक्षा थोडा बारीक, म्हणजे झटकन खाली जातो. पण बार झाला की नळीच्या भिंतींना टकरा घेत बाहेर पडतो आणि शेवटची टक्कर ज्या बाजूला बसली त्याच्या उलट भरकटतो. नव्वद मीटरच्या पुढे एका माणसावर नेम धरणं व्यर्थ. म्हणून पलटणी रांगेत उभ्या राहून एकदम बार काढत. नळीत पेच कोरले आणि गोळ्याला भोवऱ्यासारखी गिरकी दिली तर तो सरळ जातो, हे युरोपातल्या शिकाऱ्यांना शेकडो वर्षं माहीत होतं. अडचण भरण्याची. पेच धरायचे तर गोळा घट्ट हवा. घट्ट गोळा तोंडातून ठोकत ठोकत खाली न्यायचा, त्यात चार बारांनंतर नळी काजळीने भरलेली. गुळगुळीत बंदुकीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, तेव्हा पेचवाल्याचा एक जेमतेम निघायचा.

यावरचा तोडगा म्हणजे निमुळती गोळी. पुढून टोकदार, मागून पोकळ. भरताना सैल, म्हणून सहज उतरते. दारू पेटली की वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, मऊ शिशाची कड फुगते आणि पेचात रुतते. सैल आणि घट्ट हे दोन्ही गुण एकाच गोळीत, फक्त वेगवेगळ्या क्षणी. फ्रेंच कप्तान मिनिए याचं नाव तिला 1849 च्या सुमारास चिकटलं. पण सांगतात असं, की नॉर्टन नावाच्या इंग्रज कप्तानाला ही कल्पना 1820 च्या दशकात दक्षिण हिंदुस्थानात सुचली. तिथले शिकारी फुंकनळीतून बाण मारत, त्याच्या बुडाला कमळाच्या देठाचा भेंडासारखा मऊ गर लावत. फुंकर मारली की तो पसरून नळी बंद करायचा. नॉर्टनचं ऐकलं नाही. मग 1836 मध्ये ग्रीनर नावाच्या बंदूककाराने तसलाच प्रयोग केला, त्याचंही ऐकलं नाही. पुढे इंग्रज सरकारने मिनिएला वीस हजार पौंड दिले आणि ग्रीनरला, बऱ्याच आरडाओरड्यानंतर, एक हजार. ते साल होतं 1857.

त्या सालाला या गोळीची दुसरीही ओळख आहे. 1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल हिंदुस्थानात आली तीच हिच्यासाठी. नळी 39 इंच, आत तीन पेच, 78 इंचांत एक फेरा, म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी अर्धीच गिरकी घेते आणि तेवढी पुरते. गोळी चौतीस ग्रॅमच्या आसपास, दारू साडेचार ग्रॅम, दोन्ही कागदी पुडीत. पुडीचा कागद गोळीभोवती राहतो आणि त्याला वंगण लावलेलं. ते वंगण कशाचं, एवढ्या प्रश्नावर बराकपूर पेटलं, मेरठ पेटलं. जानेवारीतच सरकारने शिपायांना सांगितलं होतं की कोरड्या पुड्या घ्या, तुमचं तुम्ही मेण आणि तूप लावा. मार्चमध्ये, दातांऐवजी हाताने फाडा असंही सांगून झालं. उशीर झाला होता. आपल्याकडे 31 जुलैच्या रात्री कोल्हापुरात 27 व्या पलटणीने उठाव केला.

चरबीची गोष्ट शाळेत सगळे शिकतात. त्यानंतरची क्वचितच कुणी सांगतं. बंड शमल्यावर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी 1858 चा नवा नमुना काढला. बाहेरून थेट एन्फिल्ड. आतून पेच नाहीत, .656 इंचांची गुळगुळीत नळी. पेच गोऱ्यांकडे, गुळगुळीत काळ्यांकडे. त्याच सुमारास मुंबईच्या फौजेतला जॉन जेकब सिंधमध्ये चार पेचांच्या दुनळीतून, चार कंगोऱ्यांच्या टोकदार गोळ्या दोन हजार यार्डांवर मारून बघत होता. एकाच फौजेत दोन टोकं. 1878 मध्ये शस्त्र कायदा आला, त्याने खेड्यातली हत्यारं परवान्याखाली आणली. स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये तो बदलला, पण नळी आतून गुळगुळीत आहे का हा प्रश्न कायद्यात राहिलाच. सकाळी मी ज्या नळीत बोट घातलं, ती या हिशेबाने 1858 चीच नात. माझं म्हणणं एवढंच, की नानांच्या बंदुकीत गोळी नाही हा केवळ माळेचा परिणाम नव्हे. शेतकऱ्याच्या बंदुकीतून नेमकी गोळी आधीच काढून घेतलेली होती. माळेने उरलेले छर्रे काढले.

चार

साड्या बांधल्या. जांभळी, पोपटी, एक जरीची. नानांच्या सूनबाईंनी जरीची परत काढून आणली.

साडेआठ

नानांचा पुतण्या अमेरिकेत, ओहायोत सिनसिनाटीजवळ. तिकडे आज मार्टिन ल्यूथर किंग जयंतीची सुटी. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, त्याच्याकडे सकाळचे दहा. तो चांदमारीवर उभा राहून व्हिडिओ कॉल करणार होता, नानांना दाखवायला. त्याला हा नाद तिकडेच लागला. जवळच इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे ठासणीच्या रायफलवाल्यांची 1933 पासूनची राष्ट्रीय संघटना मेळावे भरवते. त्याच्या हातात 1853 च्या एन्फिल्डची इटलीत घडलेली नक्कल.

"परवाना दाखव," नाना म्हणाले. तो हसला. तिकडच्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूची ठासणीची बंदूक प्राचीन वस्तूत मोडते. राज्याराज्यांचे नियम वेगळे, पण याने ती टपालाने मागवली होती. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोप्या पण टपालानं?" टोप्याही दुकानात मिळत होत्या. मत्सर म्हणजे काय ते त्या क्षणी मला माळकऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुतण्याने दारू कुप्यातून थेट नळीत ओतली नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. "बराबर," नाना म्हणाले, "आत ठिणगी ऱ्हायली तर अख्खा कुपा हातात फुटतो." मग गोळी कॅमेऱ्यापुढे धरली. बोटाच्या पेराएवढी, करडी, बुडाशी खोलगट, अंगावर तीन गोल खाचा आणि खाचांत पिवळट वंगण.

"कशाची चरबी रं ती?"

"मेण आणि ऑलिव्हचं तेल, नाना. चरबी नाही."

"तेव्हा त्यांनी येवढं आधीच सांगायचं नाय का," नाना म्हणाले. इतिहासाच्या बाकीच्या गुंतागुंतीत ते शिरले नाहीत.

गोळी नळीच्या तोंडाशी ठेवली, अंगठ्याने दाबली, गजाने एका दमात खाली. ठोकाठोक नाही. गोळी दारूवर टेकली की थांबायचं. मध्ये जागा राहू द्यायची नाही, पण कुटायचंही नाही, कारण मऊ शिशाची टोकदार चोच चेपते आणि मग ती वाकडी उडते. गजावर त्याने एक रेघ मारून ठेवलेली. भरलेली असताना गज त्या रेघेपर्यंत जातो, रिकामी असताना तिच्या खाली. नानांच्या गजालाही तशीच खूण आहे, सुताराने कोरलेली. दोघांनी आपापले गज कॅमेऱ्यापुढे धरले. टोपी बसवली, घोडा ओढला, चाप. पडद्यावर नुसता पांढरा धूर. धूर विरल्यावर त्याने फोन दुर्बिणीला लावला, शंभर यार्डांवरच्या कागदात काळ्या वर्तुळाच्या आत भोक.

नाना म्हणाले, गोळी आणून दाखव. मातीच्या बांधातून आधीच वेचलेली एक त्याच्या खिशात होती. चोच पार चपटी झालेली. पण बुडाची कड शाबूत, आणि तिच्यावर तीन तिरप्या रेघा, पेचांच्या. दुपारभर मी जे डोक्यात घोळवत होतो ते तिथे शिशावर उमटलेलं होतं. सैल गेलेली गोळी घट्ट होऊन निघाल्याचा पुरावा. नानांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ह्या रेघा आमच्यात उठायच्या न्हाईत," ते म्हणाले. मी त्यांना 1858 सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ही गोळी डुकराला लागली तर?"

पुतण्या म्हणाला, जागेवर पडेल.

"मग राहूं दे. आमची बरीय."

अकरा

थ्री फेज वीज या आठवड्यात रात्रीची. नानांचा मुलगा कांद्याला पाणी धरायला गेला, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, मोबाइलवर मोठ्याने भजन. भजन बिबट्यासाठी. माणूस येतोय हे त्याला लांबून कळलं पाहिजे. बंदूक त्याच्यावर चालवायचा प्रश्न नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. "बारानं उठतो त्यो," नाना म्हणाले, "पर जाणार कुठं? शेजारच्या उसात."

नानांनी बंदूक भरली. आधी गज टाकून पाहिला. रिकाम्या नळीत गज लोखंडावर आपटला की खणकन वाजतो, भरलेली असेल तर आवाज बसका येतो. मापाने दारू, वर वर्तमानपत्राचा बोळा, तो मात्र चांगला कुटून. गोळी नसली की दारूपुढे अडसर नसतो, मग नुसता फुस्स आवाज होतो. आवाज हवा असेल तर बोळा घट्ट हवा. नेमासाठी घट्ट गोळी आणि दणक्यासाठी घट्ट कागद. टोपी मात्र नाही बसवली. ती सदऱ्याच्या खिशात, वेगळ्या डबीत. टोपी शेतात गेल्यावर.

दीड

माळ्यावर आम्ही दोघं, घोंगड्या. चांदणं नव्हतं. मक्यात खसखस झाली, थांबली, पुन्हा झाली. साड्या एका बाजूलाच होत्या आणि आवाज दुसऱ्या बाजूने आला. नानांनी टोपी बसवली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. टोपी फुटली, बार नाही. मी हललो तसा त्यांनी हात दाबला. नळी तशीच वर धरून ते मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिले, ओठ हलताना दिसत होते. काळी दारू कधी कधी उशिरा पेट घेते. तोंडात डोकावणारे तेवढ्यासाठीच मरतात. पुरतं थांबून झाल्यावर त्यांनी खुंटाच्या भोकात तार घातली, दुसरी टोपी लावली.

या खेपेला झाला. छातीत बसला, आण्याच्या डोंगरावरून परत आला. मक्यातून तीन-चार जड अंगं धडधडत ओढ्याकडे गेली. वस्तीवरची सगळी कुत्री उठली.

असल्या दणक्याला डुकरं सरावतात. आठवड्याभरात त्यांना कळतं की आवाजापाठोपाठ काही येत नाही. म्हणून नाना रोज काढत नाहीत, वेळ बदलतात, जागा बदलतात, कधी दोन रात्री गप्प बसतात. याने पीक पूर्ण वाचत नाही. निम्मं वाचलं तरी टोप्यांची खेप वसूल, असा त्यांचा हिशेब.

दहा मिनिटांत नानांचा फोन वाजला. ओढ्यापलीकडचा शेतकरी.

"नाना, तुमची डुकरं माझ्या मक्यात आल्यात."

"माझी कवापासनं झाली?"

"तुम्हीच धाडली की! आता पुन्यांदा बार काढा, म्हणजी पुढं तरी जात्याल."

"टोपी काय फुकाट येती का? तुझ्याकडं दिवाळीची सुतळी असंल, ती लाव," असं म्हणून नानांनी फोन ठेवला आणि गजाला चिंधी गुंडाळायला घेतली.